घरचं पोर

कारभारी तात्यांना वाईट माणूस म्हणणारा निफाड तालुक्यात शोधूनही सापडणार नाही. मलाही तसं म्हणता येत नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे.

द्राक्षांच्या खुडणीला डोंगरातल्या सुरगाण्याहून मजुरांची टोळी येते. त्यांच्याशी तात्या कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. टोळीतल्या वाळूची बायको बाळंतपणात अडली, तेव्हा तात्यांनी स्वतः गाडी काढली आणि नाशिकच्या दवाखान्यात मूल होईपर्यंत बाकावर बसून राहिले. मुलगी झाल्याचे पेढेही त्यांनीच वाटले. असा दिलदार माणूस. फक्त वाळूचा चहाचा कप गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला असायचा. वाळूनं तो काढायचा, अंगणात बसून चहा प्यायचा, विसळून परत टांगायचा. इतक्या वर्षांत तो ओट्याची पायरी चढला नव्हता. 'चढू नको' असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नाही, कारण दोघांनाही ते आधीपासून ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी टोळी होळीसाठी गावी गेली. दरवर्षीच जाते. त्याच सुमारास तात्यांच्या सुनेची, संध्याची, सोन्याची पोत आतल्या खोलीतल्या कपाटातून नाहीशी झाली. कुलूप शाबूत होतं. किल्ली देवघरात फोटोमागे असायची, ती घेऊन कुणीतरी कपाट उघडलं होतं. तात्यांचा मुलगा महेश म्हणाला, "वाळूच. हात मारला अन् पळाला." सगळी टोळी एकाच जीपमधून गेली होती, पण पळाला म्हणे तेवढा वाळू! गावात कुणालाच त्यात काही खटकलं नाही. डोंगरातला माणूस आणि घरातली चोरी, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

वाळूला अटक झाली, तेव्हा त्याचं वकीलपत्र मी घेतलं. त्याचं म्हणणं फार थोडं होतं. "बाई, मी त्या घरात कधी गेलोच नाय. किल्ली कुठं हाय, मला काय ठाव?" मला तेवढं पुरेसं होतं, आणि ते सांगू शकणारा माणूस सरकारी साक्षीदार म्हणून येणारच होता. तात्या कोर्टाच्या आवारात मला भेटून म्हणाले, "वकीलबाई, पोरगं निर्दोष हाय. मी आज त्याला सोडवतो का नाय बघा."

उलटतपासणीत मी विचारलं, "वाळू तुमच्या घरात कधी आला होता का?"

तात्यांनी कोर्टात नजर फिरवली. मागच्या बाकांवर निम्मं गाव होतं, सोयरे होते, सोसायटीचे चेअरमन होते. समोर न्यायाधीश मॅडम. खरं सांगायचं तर ओटा सांगावा लागणार, खुंटी सांगावी लागणार. त्यांनी टोपी नीट केली.

"कधी म्हंजे? घरचं पोर हाय ते, मॅडम. पार देवघरापोत्तर जातं. आमच्या घरात तसला भेदभाव नाय."

मागे माना डोलल्या. मी घाईघाईनं चहाचं विचारलं. "आमच्यासंगं बसून, आमच्याच कपात," तात्या म्हणाले आणि पिंजऱ्यातल्या वाळूकडे बघून हसले, त्याला धीर द्यायला. वाळूनं मान खाली घातली. हातातली फाइल तात्यांच्या अंगावर फेकावी, असं मला वाटलं.

आरोपीला देवघरापर्यंत मुक्त वावर होता, हे घरमालकाच्याच साक्षीवरून सिद्ध होतं, असं निकालात आलं. दोन वर्षं शिक्षा झाली.

"असं कसं? मी तर त्याचं चांगलंच सांगितलं!" तात्या व्हरांड्यात मला म्हणाले. त्यांच्या चांगलं सांगण्यानं काय झालं, ते मी समजावलं, तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली. अपिलासाठी खरं लिहून द्या, म्हटलं. "देतो, देतो." पुढे मी फोन केला की नेमकी फवारणी निघायची, नाहीतर कुणाचं तरी लग्न.

वाळू सुटला तो तात्यांमुळे नव्हे. त्या होळीच्या सुमारास तात्यांकडे फ्रिज दुरुस्तीला येऊन गेलेला एक माणूस दुसऱ्या गावात चोरी करताना पकडला गेला आणि त्याच्याकडे संध्याची पोत सापडली. चांगल्या कपड्यातला, गोड बोलणारा. त्याला तात्यांनी घरात बसवून चहा पाजला होता, घरातल्या कपात. अपिलात वाळू निर्दोष ठरला, पण तोवर सव्वा वर्ष तुरुंगात गेलं होतं. त्याच्या मुलीला बापाची ओळख नव्यानं करून द्यावी लागली.

गोठ्याशेजारच्या खोपटात त्याचं अंथरूण राहिलं होतं. ते न्यायला तो आला, तेव्हा मी सोबत होते. तात्या ओट्यावरून धडपडत उतरले. रडत होते, आणि ते रडणं खरं होतं. "आत ये, बाबा. आत बस." संध्यानं बशीत कप ठेवून चहा आणला.

वाळू पायरीखालीच उभा राहिला. मग गोठ्यात गेला, खुंटीवरचा कप काढून घेऊन आला आणि तात्यांच्या हातात दिला.

"हा तवा कोर्टात दाखवला असता, तात्या, तर मी सुटलो असतो."

अंथरूण खांद्यावर टाकून तो रस्त्याला लागला. तात्या कप धरून माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी वाळूच्या मागोमाग निघाले.