गेटापाशी उतरायचं

शेजारच्या काकांची बॅटरीवाली सायकल डोंगर चढायसाठी बनलेली, जाडजूड टायरांची. काका मात्र ती देवासच्या डांबरी रस्त्यावरच पळवतात. माझ्या स्कूटीला मागे टाकताना "चल भिया, जल्दी!" हे ठरलेलं.

काल एका रिकाम्या प्लॉटसमोर त्यांनी भर वेगात ब्रेक दाबला. मी धडकता धडकता वाचलो.

"काका, मेलो असतो ना!"

ते उतरून सायकल हातात धरून चालू लागले होते. "गेटातून सायकलवर बसून जायचं नाही."

मी हादरलोच. इथल्या ज्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली, तो पाडूनही किती वर्षं झाली! काकांनी समोरच्या गवताला सलाम केला आणि माझ्याकडे वळून दरडावलं, "तुझं गेटचं कार्ड?"

माझा हात खिशाकडे गेला.