गुलाबी सोयाबीनचा टब

माझ्या नातीसमोर विषाचा टब मी स्वतःच्या हातानं भरून ठेवला. (वकील आहे, म्हणून कबुलीजबाब आधीच देऊन टाकतो.)

ओवी तीन वर्षांची झाली, तरी एक शब्द बोलत नव्हती. थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, तिला चाळायला, ओतायला, मुठीत दाबायला काहीतरी द्या. सुनेनं चार पायांचा खेळाचा टब मागवला. त्यात वाळू भरा, पाणी भरा, धान्य भरा, काहीही चालतं! सून शाळेत शिकवायला गेली आणि इकडे मला कर्तृत्व सुचलं. दर्यापूरच्या शेतातून पेरणीनंतर उरलेली सोयाबीनची अर्धी पिशवी घरात पडली होती. दाणे कसे गुलाबी, चकचकीत! पोरगी कोपरापर्यंत हात घालून रमली, मी पेपर उघडला.

सून परतली, टब पाहिला आणि पर्स तिच्या हातातून गळालीच.

"बाबा, हे तं औषध लावलेलं बियाणं आहे. पोरीनं तोंडात घातलं का?"

मला काय माहीत! गुलाबी रंग म्हणजे खायचं नाही, ही पिशवीवरची सूचना बियाण्यांच्या केसेसमध्ये मी वीस वर्षं कोर्टाला वाचून दाखवत आलो. आता तोच रंग ओवीच्या ओठांवर होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती खाल्लं? सगळे माझ्याकडे पाहू लागले, मी ओवीकडे. "सांग ना माय, खाल्लं का तू?" असं मी तिला दहादा विचारलं. जिला बोलता येत नाही, तिला! ती माझ्या शर्टाची गुंडी पिरगाळत राहिली. तेवढ्यात मलाच घेरी आली. खाट एकच रिकामी; तिच्यावर मला निजवलं आणि खरी पेशंट सुनेच्या मांडीवर. बायको उशाशी येऊन हळूच म्हणाली, "पोरीले काई झालं, तं तुमाले घरात घेणार नाई मी." ती गंमत करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओवीला सोडलं. पोटात काही गेलं नव्हतं.

घरी सुनेनं टब घासून त्यात तांदूळ भरले. चूक निस्तरावी म्हणून मीही मूठभर टाकायला वाकलो. ओवीनं दोन्ही हात टबावर आडवे धरले.

"नोको."

तिचा पहिला शब्द. सून रडली, बायको रडली, मी तर हुंदकेच दिले. तीस वर्षांच्या वकिलीत एकही हरकत मी मुकाट्यानं ऐकली नव्हती. ही ऐकली आणि मुठीतले तांदूळ गुपचूप डब्यात परत टाकले.