एक्क्यांची जोड आणि पहिली चाल

जत्रेच्या बंदोबस्ताला आमचा होमगार्डचा सेक्शन आदल्या दुपारी पोचला. कर्जत तालुक्यातलं गाव, डोंगरावर देवी. पायथ्याच्या शाळेत एक वर्ग आम्हा आठ जणींना दिला होता. बाकं भिंतीला लावली, सतरंजी पसरली, पिशव्या उशाला ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हजेरीचं फॉल-इन होतं.

होमगार्डला कोणी सैनिक म्हणत नाही. आम्हीही म्हणवून घेत नव्हतो. पण गणवेश होता, परेड होती, आणि हुकूम मिळाल्यावर पोस्ट सोडायची नाही हे आम्हालाही शिकवलं होतं. मी चौथी शिकलेली. मला घेतलं ते द्वारका अक्कांनी शब्द टाकला म्हणून. त्या कर्जतच्या बाजारात भाजी विकायच्या आणि आमच्या सेक्शन लीडर होत्या. मी तेव्हा चारचौघांत बोलत नसे. दुकानात काही मागायचं तर दुसरी गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाजूला उभी राहायची. खाकी पॅन्ट घालून पहिल्यांदा गल्लीतून गेले तेव्हा मान वर केली नव्हती.

अक्कांचा एक नियम होता. सेक्शनमध्ये जी सगळ्यांत नवी, तिनं आधी बोलायचं. ड्यूटी संपली की काय घडलं ते आधी नवीनं सांगायचं, मग जुन्यांनी, शेवटी अक्कांनी.

"मी आदी बोलले की तुमी नुसत्या माना हालवता," त्या म्हणायच्या. "मला माना नगं हायेत."

माझ्यानंतर कोणी भरती झालं नाही. त्यामुळे त्या जत्रेपर्यंत दोन वर्षं मीच नवी होते.

पत्त्यांतही हाच नियम. बंदोबस्तात रिकामा वेळ फार असतो. आम्ही तीन पत्ती खेळायचो, पैशांच्या जागी चिंचोके. अक्कांचे चिंचोके एका खणाच्या पिशवीत असत. पानं कोणीही वाटो, पहिली चाल माझी.

त्या संध्याकाळी मला एक्क्यांची जोड आली. जोडीत याच्या वर काही नाही. पण समोर कुणाकडे एका रंगाची तीन पानं निघाली, किंवा तीन पानं ओळीनं लागली, की हीच जोड मार खाते. माझ्यामागून सात जणी बोलायच्या होत्या. हात गार पडले. वाईट पानं आली की मला भीती वाटत नसे, टाकून मोकळी व्हायचे. चांगली आली की घाबरायचे. मी एकच चिंचोका टाकला. सगळ्या आत आल्या. शबाना तर पानं न बघताच आली. शेवटी उघडलं तर तिच्याकडे चौकटचा रंग. दुर्री, सत्ती, नव्वी.

"इंदे, एक्के काय देव्हाऱ्यात ठिवायला घेतले हुते काय गं?" शबाना म्हणाली. सगळ्या हसल्या.

अक्का हसल्या नाहीत. "एकच का टाकला?"

"भ्या वाटलं. मागून कोन काय टाकंल, ठावं नव्हतं."

"म्हनून साती जनींना सस्तात आत घेतलंस. सातात एकीला तर लागनारच. जोड दोघीत जिकती, आठात मरती. पैलं तुलाच बोलायचंय ना? मग चार टाक. निम्म्या पळत्याल. उरल्या त्यांच्याशी बघता येतं."

"आन उरलेल्यांत कुनाला रंग आसला तर?"

"तर हरशील," अक्का म्हणाल्या. "चार चिंचोकं जात्याल. त्यात काय?"

सकाळी सहाला पोस्ट वाटून दिल्या. डोंगर चढायला पुढच्या पायऱ्या, उतरायला मागची वाट. पोस्ट एक पायथ्याला. तिथं दोन दगडी खांबांमधून रांग आत जायची आणि खांबाला जाड दोर होता. तिथं मी आणि एक पोलीस हवालदार. पोस्ट दोन पायऱ्यांच्या वळणावर, तिथं द्वारका अक्का आणि शबाना. वळणाला एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला लोखंडी पाइपचं रेलिंग, त्याखाली खडक. पोस्ट तीन वर देवळाशी, तिथं पोलीस आणि आमच्यातल्या बाकीच्या. वॉकी-टॉकी एकला आणि तीनला होता. दोनला फक्त शिट्टी. पायथ्यावरून वळण दिसत नव्हतं, मध्ये कातळ यायचा.

सकाळ नीट गेली. दर अर्ध्या तासानं पोलिसांच्या तंबूतून फौजदारसाहेब वॉकी-टॉकीच्या सेटवर रिपोर्ट घ्यायचे. आधी पोस्ट एक, मग तीन. हवालदार बोलायचे, मी माणसं सोडायचे. दुपारच्या आरतीआधी गाड्यांच्या तळावर भांडण झालं आणि हवालदारांना तिकडं बोलावलं. जाताना त्यांनी सेट माझ्या हातात दिला.

"बाई, बटन दाबा, बोला, सोडा. घाबरू नका."

मी सेट छातीशी धरून उभी राहिले. तो बोलू नये एवढंच वाटत होतं.

आरतीची घंटा वाजली. रांग शाळेच्या पुढं गेली होती. ऊन डोक्यावर. तेवढ्यात पायऱ्यांवरून एक बाई खाली आली. कपाळाला ओलं कुंकू, हातात प्रसादाचा नारळ. बाईला बरं नसेल म्हणून आल्या वाटेनंच उतरली, असं वाटलं. मग दोघी आल्या. मग एक म्हातारे बाबा, कठड्याला धरून. सगळ्यांच्या कपाळाला ओलं कुंकू.

"बाबा, हिकडून का उतरलात?" मी विचारलं.

"मागल्या वाटंला पान्याचा टँकर आडवा अडाकलाय पोरी. वरनं म्हनत्यात, आला तसंच जावा."

वरून दर्शन झालेली माणसं उतरणार, खालून मी चढवतेय. दोन्ही वळणावर भेटणार. तिथं अक्का.

माझी जागा मजबूत होती. दोन दगडी खांब, जाड दोर, मागं मोकळं मैदान. पण मी एकटी होते आणि वर काय चाललंय ते दिसत नव्हतं. दोर बांधला आणि वर काही नसलं तर आरतीच्या वेळेला एवढी माणसं माझ्या अंगावर येणार. हुकमाशिवाय रांग थांबवू नका, असं सकाळीच सांगितलं होतं. थोडे थोडे सोडावेत, असं मनात आलं. दोघं सोडलेसुद्धा. मग कळलं, हा पुन्हा तोच एक चिंचोका.

मी दोर ओढला. खांबाला तीन वेढे दिले आणि वर गाठ मारली.

"ए बाई! आरती चालू झाली!"

"दोर सोड. देवी काय तुझ्या नावावर केलीय काय?"

"चारशे बाया मागं हुब्या हायेत उनात, आन ही बघा, नवी कलेक्टर!"

दोर ताणला गेला. मी त्याला पाठ लावून उभी राहिले. तेवढ्यात सेट बोलला.

"पोस्ट एक, रांग का थांबली? कोणाची ऑर्डर? ओव्हर."

बटण दाबलं. सोडलं, पुन्हा दाबलं.

"साहेब, माझीच. वरून मानसं उलटी उतरत्यात. मागची वाट बंद झालीय. रांग बंद केली." ओव्हर म्हणायचं राहिलं.

"पोस्ट तीन, रिपोर्ट."

"पोस्ट तीन. गर्दी आहे सर, पण कंट्रोलमध्ये. ओव्हर."

"पोस्ट एक, ऐकलंत? रांग सोडा. ओव्हर."

मी आधी बोलून बसले होते आणि वरून वेगळंच निघालं होतं. दोर पाठीत रुतत होता. एका बाईनं मागून माझी वेणी ओढली. गाठ सोडायला दोन बोटं पुरली असती.

"साहेब, पाच मिन्टं द्या," मी म्हणाले. "पाच मिन्टं. ओव्हर."

मग कातळाच्या पलीकडून शिट्टी ऐकू आली. लांब. पुन्हा लांब. तिसरी लांब. थांबवा, याची ती खूण. अक्कांची शिट्टी मी ओळखत होते, त्या शेवट जरा चढवायच्या.

"पोस्ट एक, दोर सोडू नका," साहेब म्हणाले. "धरून ठेवा. माणसं पाठवतोय."

मग पायऱ्यांवरून लोंढा आला. चप्पल नाही, पदर नाही, नारळ नाही. खालच्या पायऱ्या रिकाम्या होत्या म्हणून त्यांना उतरायला जागा मिळाली. मी दोराच्या बाजूची फट मोकळी केली आणि एकेकीला दंडाला धरून मैदानात ढकलत राहिले. दोरामागच्या माणसांनी आता रेटायचं थांबवलं होतं. मघाशी ओरडणारा एक गडी माझ्या शेजारी येऊन दोर धरून उभा होता.

तेव्हाच लोखंडाचा आवाज आला. मोठा नाही. पत्र्याची बादली दगडावर पडावी तसा. वळणावर बायका किंचाळल्या. मला वर जायचं होतं. पोस्ट सोडली नाही.

काय झालं ते शबानानं नंतर सांगितलं. माणसं रेलिंगकडे रेटली जात होती. अक्का रेलिंगला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी बायकांना कातळाच्या बाजूला ढकलत राहिल्या. गर्दी बरीच उतरली होती. शेवटचा लोट आला तेव्हा पाइप खालून उपटला. पडल्या त्या एकट्या अक्का.

नगरच्या दवाखान्यात आम्हाला दुसऱ्या दिवशी आत सोडलं. त्यांचा चेहरा तेवढा उघडा होता. मी खाटेशी जाऊन उभी राहिले.

"नवीनं आदी," अक्का हळू म्हणाल्या.

मी सांगितलं. कुंकू लावलेली बाई, दोघं सोडले ते, मग दोर, मग साहेब. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"आनिक कोन गेलं?"

"कुनीच न्हाई, अक्का. खरचटलंय लई जनींना."

"बरं." मग म्हणाल्या, "माझं चिंचोकं शबीनं ढापलं आसत्याल."

शबाना बाहेर गेली. त्याच रात्री अक्का गेल्या. फौजदारसाहेब अंत्यविधीला आले होते. त्यांनी टोपी काढून माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आम्ही सात जणी गणवेशात एका रांगेत उभ्या राहिलो. कोणी सांगितलं नव्हतं, तरी सॅल्यूट एकदम झाला.

आता वय झालं म्हणून मीही गणवेश परत केला आहे. जत्रेच्या आदल्या दिवशी आम्ही शबानाच्या घरी जमतो. पानं आठ जणींची वाटतो. अक्कांची तीन पानं त्यांच्या जागी उलटी ठेवतो, ती कोणी उघडत नाही. नियम तोच, आणि या डावात माझ्यानंतर नवी कोणी आली नाही, म्हणून पहिली चाल माझीच. चांगली पानं आली की हात अजून गार पडतात. मी चार टाकते.

अक्कांची पाळी येते तेव्हा सगळ्या थांबतात. मग शबाना खणाची पिशवी उघडते.

"अक्का आत हायेत," ती म्हणते, आणि त्यांचे चार चिंचोके मोजून मध्ये ठेवते.