वडिलांच्या कंटेनरमधला नायट्रोजन

वाटेत जराही वाया न जाऊ देता वीज वाहून नेणारे पदार्थ शोधणं, हे माझं आजचं काम. पण तसा पदार्थ मी पहिल्यांदा पाहिला तो वडिलांच्या नायट्रोजनमुळे.

वडील पुणतांब्याच्या आसपास गाईंना कृत्रिम रेतन करत. फटफटीला गोणपाटात गुंडाळलेला कंटेनर बांधलेला. आत भयंकर गार नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या वळूच्या वीर्याच्या कांड्या. नायट्रोजन खाली उतरला की कांड्या खराब. "डॉक्टरच्या हाताला गुण हाय," असं लोक म्हणायचे, आणि पगारापेक्षा वडिलांना त्याचंच अप्रूप.

कॉलेजात आमच्या सरांनी कुठूनशी बटणाएवढी काळी वडी मिळवली होती. ती पुरेशी गार केली की तिच्यातून वीज जराही वाया न जाता वाहते आणि तिच्यावर लोहचुंबक तरंगतो म्हणे. कॉलेजात नायट्रोजन कुठला? मी तोंड वर करून सांगून टाकलं, "आमच्या घरी आहे!"

वडील वैतागले. "नायट्रोजनची गाडी यायला टाइम हाय. कांड्या उघड्या पडल्या म्हंजे?"

"वाटीभरच," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्वतःच कंटेनर घेऊन कॉलेजात हजर. माझ्या हाती तो कसले देतात!

थर्माकोलच्या वाटीत ओतलेली पहिली धार वाफ होऊन गेली. चुंबक ढिम्म. दुसऱ्यांदा ओतलं, तरी ढिम्म. सर म्हणाले, राहू द्या. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कंटेनर कलता केला. चुंबक अलगद वर उचलला गेला. वर्ग ओरडला, मी तर नाचलेच.

त्या महिन्यात बऱ्याच गाई उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. लोक दुसऱ्या डॉक्टरला बोलावू लागले. "ऊन लई हाय औंदा," वडील म्हणायचे, आणि मीही तेच खरं धरलं.

गेल्या वर्षी त्यांना माझी प्रयोगशाळा दाखवली. नळ सोडला तसा नायट्रोजन भसाभसा आला, निम्मा जमिनीवर सांडला. त्यांनी घाईघाईनं नळ बंद करायला लावला.

"तवा येवढा असता, तर गाई उलटल्या नसत्या," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले. "म्हंजे तुम्हाला ठाऊक होतं? मग परत ओतला कशाला?"

"तुजं तोंड उतरल्यालं बघवंना. गाई काय, म्हैन्याभरात परत माजावर येत्यात. पोरीचा हिरमोड झाला की झाला."