पोपटीतला व्हीप

आमच्या मामाएवढा मोठा पक्षाध्यक्ष आणि त्याच्या पक्षाएवढा छोटा पक्ष उभ्या रायगडात शोधून दाखवा, मी मिशी उतरवून देईन! रोहा पंचायत समितीत पक्षाचे सदस्य दोन: मिठागरात राबलेली खाडीकाठची हिराबाई आणि धाटावच्या कंपनीत शिफ्ट करणारा दत्ता. पण मामाचा थाट असा, जणू अख्खं विधिमंडळ सांभाळतोय. दोघं शेजारी बसलेली असली तरी व्हीप प्रत्येकाला वेगळा, तोही उभं राहून, मोठ्यानं वाचून. दत्ताची शिफ्ट सुटली की मामा गेटवर डबा घेऊन हजर. "माणूस फुटतो तो उपाशीपोटी," हे त्याचं राजकारण. हिराबाईच्या सुनेचं डोहाळजेवण मामीनं केलं, तेही याच हिशेबात.

आणि त्या हिवाळ्यात काय गंमत झाली! सभापतीच्या निवडणुकीत दोन मोठे पक्ष बरोबरीत, अन् मधे मामाचे हे दोन हात! मामाची अट एकच. हिराबाईच्या गावचा बांध फुटून भरतीचं खारं पाणी भातशेतात शिरत होतं, तो बांधायचा ठराव पहिला घ्यायचा. एका पक्षाच्या उमेदवार बाईंनी तसा शब्द दिला, म्हणून हिराबाई-दत्तानं त्यांना मत द्यायचा शब्द मामाला दिला. दुसऱ्या पक्षानं हिराबाईला थेट उपसभापतिपदच देऊ केलं. तिचा फोन वाजायचा थांबेना.

मोठे पक्ष आपली माणसं रिसॉर्टवर नेऊन ठेवतात. मामानं मतदानाच्या आदल्या दिवशी दोघांना पेणला, रामवाडीच्या घरी आणलं आणि परसात पोपटीचा, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा, बेत केला. आधी त्यांचे फोन एका मडक्यात टाकून वर भांबुर्ड्याचा पाला कोंबला. दुसऱ्या मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे आणि वर तोच पाला. मग मामा पक्षनिष्ठेवर असा काही रंगला, की बोलता बोलता एक मडकं उपडं घातलं, भोवती पेंढा-काटक्या रचल्या आणि स्वतःच्या हातानं पेटवून दिलं.

आतून फाटफाट आवाज येऊ लागले. "आयका, शेंगा कशा तडतडतायत!" मामा खूश.

दत्तानं नाक वर केलं. "मामा, ह्यो वास वालाचा नाय. पलास्टिक जळतंय."

मामानं गर्रकन वळून पाहिलं! शेंगांचं मडकं ओट्यावर तसंच होतं. हिराबाईच्या फोनमध्ये नातवाचे सगळे फोटो होते. ती जेवली, पण मामाशी अवाक्षर बोलली नाही. "गेली रे ही," मामा माझ्या कानात म्हणाला, "अन् बांधही गेला."

दुसऱ्या दिवशी रोह्यात सभागृहाबाहेर मामा चहाचा कप धरून बसला होता. चहा थंडगार होऊन वर साय धरली तरी त्याला भान नव्हतं. दार उघडलं आणि दत्ता ओरडतच आला, "मामा, झाला आपला बांध!" दोघांनीही बांधाचा शब्द देणाऱ्या बाईंसाठीच हात वर केले होते! मामा भर रस्त्यात रडायला लागला.

"गो हिरा, तुझा फोन जाळला मी, तरी?"

"जलला तं जलला. सबूद मी तुला तोंडान दिला व्हता मामा, फोनान नाय."

बांध झाला. शेतं पुन्हा भाताची झाली. पुढच्या निवडणुकीआधी मात्र दत्ता आणि हिराबाई दोघंही मोठ्या पक्षांत गेली, दोन वेगवेगळ्या. पक्षात आता मामा एकटाच. पण वालाला शेंगा धरल्या की दोघं रामवाडीला येतात, न सांगता आपले फोन मडक्यात टाकतात आणि पोपटी होईस्तोवर मामा ते मडकं मांडीवर घेऊन बसतो.