नदीखालच्या राज्याची बातमी

नगरला कॉलेजकडे जाताना वाटेत एक केशकर्तनालय लागतं. सकाळी त्याच्या दारातून ओल्या तुरटीचा वास येतो आणि माझी पावलं आपोआप मंदावतात. मी पुन्हा आमच्या बेलापूरच्या एस.टी. थांब्यावर उभी असते, गेल्या हिवाळ्यातल्या त्या सकाळी, हातात ताजा पेपर घेऊन.

त्या दिवशी माझ्या पहिल्या कादंबरीची बातमी आमच्या भागातल्या पेपरात आली होती. प्रवरेच्या डोहाखालचं एक राज्य, तिथली राणी, पंख असलेले मासे, असलं काहीबाही मी तीन वर्षं वह्यांमध्ये लिहीत होते. प्रकाशक मिळेना, म्हणून मैत्रिणींच्या मदतीनं ते स्वतःच छापून घेतलं. थांब्यावर उभ्या उभ्या मी ती बातमी तीनदा वाचली. स्वतःचं नाव छापलेलं पाहून अंगावर शहारा आला, आणि लगेच भीतीही वाटली. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वडिलांना, म्हणजे अप्पांना, मी 'अभ्यासाचं पुस्तक आहे' असं सांगून ठेवलं होतं. अप्पा पाटकरी; कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडणं हे त्यांचं काम. लेक शिकून साहेब होईल या आशेवर ते जगत होते. तिनं अशा गोष्टी रचाव्यात, आणि ते त्यांना लोकांच्या तोंडून कळावं, याची मला धास्ती होती.

आणि थांब्यासमोरच्याच न्हाव्याच्या दुकानात, एका गालाला फेस लावून, अप्पा खुर्चीत बसले होते. न्हावीकाका पेपर मोठ्यानं वाचत होते.

"अप्पा, पोरीनं नदीखाली राज्य वसवलंय म्हनं. सातबारा कुनाच्या नावावर हाय?" बाकावरच्या एकानं विचारलं. सगळे हसले. माझे कान तापले.

अप्पा आरशात बघतच म्हणाले, "तितं पान्याच्या पाळीवरनं भांडनं तरी नसतील." मग काकांना म्हणाले, "फुडं वाच की. राणी वर येती का न्हाई?"

"पेपरात न्हाई दिलं. तुमाला म्हायती असंल, घरचंच पुस्तक."

अप्पांनी दुसरा गाल पुढं केला. माझी कॉलेजची गाडी आली नि गेली. मी चढले नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी मला पाहिलं. आवाजात राग नव्हता. "मला आदी सांगायचं हुतंस गं. समद्यांम्होरं गप बसावं लागलं." मग म्हणाले, "मला वाचायला टाइम लागतो. सांच्याला तूच वाचून दाखव."

पुढचे कितीतरी दिवस मी वाचत गेले आणि ते ऐकत राहिले. राणी डोहाचा दरवाजा उघडते तिथं मात्र त्यांनी मला थांबवलं. "येकदम उघडलास तर समदं वाहून जाईल, बाय. आदी बोटभर उघडायचा. पान्याचा जोर बघायचा."

बातमीत माझ्या कल्पनाशक्तीचं कौतुक होतं. ते आठवून आजही मी सुखावते, खोटं कशाला बोलू? पण बातमी एका दिवसाची असते, आणि मी मात्र दुसरा भाग लिहिताना दर दरवाजापाशी थबकते. ज्या घराला हे काय कळणार असं धरून चालले होते, त्या घराकडे पाण्याविषयी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सांगण्यासारखं होतं. मी फक्त कधी विचारलं नव्हतं. आता मी नगरलाच राहते; पाटावरचं काम उरकलं की अप्पांचा फोन येतो. आधी जेवलीस का विचारतात, आणि मग राणी कुठवर आली ते.