सरांच्या फळ्यावरची रेघ

दुपारचं ऊन तिरपं आलं की सरांच्या फळ्यावर पुसलेली रेघ पुन्हा दिसू लागते. सर जाऊन वर्ष झालं. देशात किती हातांना काम नाही, हे त्यांनी जन्मभर शोधलं. ती बेकारी सालागणिक दाखवणाऱ्या याच रेघेला परदेशात मोठं पारितोषिक मिळालं. मी त्यांचा शिपाई, चौथी शिकलेला, पण विचारायला कधी लाजलो नाही. एकदा त्यांना म्हणालो,

"सर, काचेचा कारखाना बंद पडला तेव्हा मी वर्षभर घरी बसलो होतो. यात मी कुठं?"

सर हसले. "गणपतराव, रेघेत एकटा माणूस दिसत नाही."

"मग ती माणसांची कशी?"

त्यांचं हसू मावळलं. त्यानंतर ते रोज फळ्यासमोर उभे राहायचे, कुणाला तरी शोधत असल्यासारखे. बक्षीस घेऊन आल्यावरही.

आज सरांच्या जागी आलेल्या नव्या बाई म्हणाल्या, "फळा उतरवा, इथे प्रोजेक्टरचा पडदा लावायचाय."

मी नाही म्हणालो. त्या गेल्यावर रेघेवर बोट ठेवून हळूहळू सरकवत नेलं. एका जागी बोट अडलं. खडू टेकवून टेकवून तिथं खळगा पडला होता. खाली पुसट आकड्यांत साल लिहिलेलं होतं. मी घरी बसलो होतो, तेच.